रतनवाडी ते कुमशेत : कात्राबाईची मोडत चाललेली वाट आणि एक मुक्काम

खिंडकर | १० फेब्रुवारी, रात्री १०:२५

रतनगड चार वेळा झालाय. दर वेळी नेढ्यात (कातळाला आरपार पडलेल्या भोकात) बसून दक्षिणेकडे बोट दाखवायचं, "ती बघ कात्राबाईची खिंड, एकदा तिथून पलीकडे कुमशेतला उतरायचंय", आणि मग मुकाट खाली येऊन अमृतेश्वराच्या देवळापाशी पोहे खाऊन घरी. या वेळी ठरवलं, गडावर जायचंच नाही. शनिवारी रतनवाडीहून खिंड चढून कुमशेतला मुक्काम, रविवारी पेठेची वाडी, पाचनई करत हरिश्चंद्रगड. आम्ही पाच जण, वयं ३४ ते ५२. (५२चा मी नव्हे, पण फार मागेही नाही.)

सातला चालायला लागायचं होतं, लागलो पावणेदहाला. उशिराचं कारण सांगत नाही, ते मीच होतो.

रतनवाडीत चहा घेताना टपरीवाल्याने विचारलं, "वाटाड्या हाय का? तिकडनं आता कोण जात नाय." आम्ही त्याला मोबाइल दाखवला. त्यावर जीपीएक्स ट्रॅक होता, म्हणजे चाललेल्या वाटेची नकाशावर नोंदलेली रेघ, एका मित्राने २०१४ साली केलेली. टपरीवाल्याने मोबाइलकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि चहाचे पैसे मागितले.

सुरुवात सगळ्यांना माहीत आहे. प्रवरेचं पात्र या काठावरून त्या काठावर ओलांडत जायचं, डोक्यावर जांभूळ-हिरड्याची दाट सावली. फाट्यापर्यंत वाट मळलेली. तिथे उजवीकडची गडाच्या शिड्यांकडे जाते, डावीकडची खिंडीकडे. डावीकडे वळून पंधरा-वीस मिनिटं झाली आणि पायाखालचा प्लॅस्टिकचा कचरा संपला. आम्हाला आनंद झाला. खरं तर तीच पहिली खूण होती. कचरा नाही म्हणजे माणूस नाही, माणूस नाही म्हणजे वाट नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एक कोरडा नाला ओलांडला आणि वाट कारवीच्या झुडपांत शिरली. फेब्रुवारीतली कारवी म्हणजे डोक्याच्या वर गेलेल्या वाळक्या काठ्या, हाताला ओरखडे काढणाऱ्या आणि सरकवली की मागच्याच्या तोंडावर सपकन बसणाऱ्या. मोबाइल सांगत होता, रेघ वीस मीटर डावीकडे. गेलो. मग आठ मीटर उजवीकडे. गेलो. मग आम्ही रेघेवरच होतो. रेघ बरोबर होती, तिच्यावर वाट नव्हती. अकरा वर्षांपूर्वी जिथून पाच-सहा माणसं आरामात चालत गेली होती तिथे कारवीची भिंत उभी होती.

पावणेदोन तास आम्ही त्या भिंतीशी झटापट केली. पुढे एक घसाऱ्याचा उतार लागला, तिथे आमच्यातला एक जण बसकण मारून सात-आठ फूट घसरला. गुडघा दगडावर आपटला. मोडला नाही, पण सुजायला लागला. पाणी निघताना माणशी दोन लिटर होतं. सव्वादोन वाजता पाच जणांत मिळून सव्वा लिटर उरलं. इथे आमचं भांडण झालं. दोघांचं म्हणणं, खिंड समोर दिसतेय, सरळ वर काढू. दोघांचं म्हणणं, मागे फिरू. पाचव्याचा गुडघा. शेवटी नाल्यातल्या मोठ्या धोंड्यापर्यंत मागे आलो, कारण तिथपर्यंतची वाट नक्की होती. दिवसभरात शहाणपणाचं केलेलं एवढं एकच काम.

धोंड्यावर बसून पाणी मोजत होतो आणि खालून आवाज आला. खट. थोडा वेळ शांत. परत खट.

सत्तरीचे एक बाबा. टोपी, धोतर, वर शर्ट, पायात प्लॅस्टिकच्या चपला, खांद्याला पिशवी, कमरेला आकडी आणि हातात कोयता.

"कुठं?"
"कुमशेतला."
"मंग हितं का बसले?"
"वाट चुकलो बाबा."
"चुकायला वाट तर पाहिजे," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

आम्ही उठून त्यांच्यामागे. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी एका उंबराच्या मुळाशी नेलं, चपटा दगड बाजूला केला. खाली झिरा. परडीभर पाणी, पण काठोकाठ आणि गार. आम्ही अर्ध्या तासापूर्वी तिथून चाळीस पावलांवर तहानेने भांडत होतो. सगळ्यांच्या बाटल्या भरेपर्यंत ते थांबले, मग तो दगड परत होता तसा ठेवला.

चालताना दर दहा-पंधरा पावलांवर एक काठी छाटायचे. थांबायचे नाहीत, चालण्यातच तो हात बसलेला. त्यांची लेक रतनवाडीत दिलेली. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तिच्याकडे जाऊन येतात, याच वाटेने. "आधी समदी हितूनच जायची. वऱ्हाडं जायची, मयताला माणसं जायची, बैल न्यायचे. आता जीपगाड्या झाल्या. शेंडीवरून, राजूरवरून फिरून जातात. कोण कशाला चढंल?" मग बराच वेळ नुसतंच खट, खट. खिंडीच्या थोडं अलीकडे, न विचारता, "एकट्याच्या कोयत्यानं वाट राहात नाय."

पाच वाजता खिंडीत. मागे रतनगड आणि धरणाचं पाणी, पुढे आजोबा डोंगराचा अजस्र कडा, खाली कुमशेतची घरं आणि तो कुमशेतचा कोंबडा म्हणतात तो सुळका, लांबवर हरिश्चंद्रगड. फोटो काढले. गुडघेवाल्याने काढले नाहीत. बाबांनी देवीला हात जोडले आणि आमच्याकडे वळून सूर्याकडे बोट केलं. उतरताना शेवटचा तासभर अंधारात गेला. सात वाजून दहा मिनिटांनी कुमशेत.

आमच्याकडे एका घराचा नंबर होता, पण रेंज नव्हती. बाबा म्हणाले, आता कुणाचं घर शोधता? पुढची खोली घरकुलातली विटांची, मागचं घर जुनं, कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं. एका अंगाला दोन डांगी गाई आणि एक वासरू. आजींनी गुडघा पाहिला, तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधलं आणि अर्धा तास स्वतः शेकला. जेवायला नागलीची भाकर, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी. मागून वरईचा भात आला, आणि तो संपवल्याशिवाय आजी उठू देईनात. आमच्या सॅकमधली 'फक्त गरम पाणी घाला'वाली पाकिटं तशीच परत पुण्याला आली.

रात्री थंडी मी म्हणत होती. पण शेकोटीचा धूर, पांघरुणाला दिलेली गोधडी आणि गाईंच्या अंगाची ऊब, यांत झोप चांगली लागली. तीनला गाईने धार सोडली आणि आमच्यातला एक जण "पाऊस, पाऊस" करत दचकून उठला. सकाळी ही गोष्ट अख्ख्या आळीला माहीत होती.

सकाळी पैशांचं विचारलं तर बाबा "द्या काय द्यायचं ते". आजी चुलीपाशी गप्प. मग ओट्यावर आमची कुजबुज. शेवटी पाच जणांचे १५०० रुपये दिले, ते त्यांनी न मोजता टोपीत ठेवले. एकाने नातवाच्या हातात खाऊला म्हणून वेगळी पाचशेची नोट दिली. बाबांनी ती पोराच्या हातातून काढून याला परत केली. "त्याला कशाला? त्यानं काय केलं?"

गुडघा सकाळी भोपळ्यासारखा. हरिश्चंद्रगड रद्द. जीपने राजूर, तिथे पेढे घेतले आणि घरी.

ट्रॅक मागू नका. आमचा ट्रॅक म्हणजे कारवीत मारलेल्या चकरा आहेत, आणि बाबांच्या मागे चालताना मोबाइल बंद पडला होता.

---

आळशी भटक्या | १० फेब्रुवारी, रात्री ११:०२

"चुकायला वाट तर पाहिजे" हे ऑफिसातल्या टेबलावर लिहून ठेवणार आहे.

एक शंका. मुलगा दहा वर्षांचा, राजमाची-लोहगड झालेले. जमेल का?

---

खिंडकर | १० फेब्रुवारी, रात्री ११:२०

@आळशी भटक्या, चढ जमेल. कारवीत तो दिसणार नाही. दोन वर्षं थांबा किंवा पाचनईहून हरिश्चंद्रगड दाखवा त्याला, ती वाट अडीच तासांची आणि सरळ.

---

नकाशेवाला | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:४८

लिखाण छान. पण एक स्पष्ट बोलतो, राग मानू नये. दोष ट्रॅकचा नाही, तुमचा. अकरा वर्षं जुना ट्रॅक, तोही दाट झाडीतला. पानांखाली आणि दरीच्या कुशीत उपग्रहांचा सिग्नल कड्यांवर आपटून येतो, वीस-तीस मीटरची चूक सहज होते. त्या रेघेवर आठ मीटर उजवीकडे-डावीकडे करणं म्हणजे हवामान खात्याचा अंदाज घेऊन घड्याळ लावणं. ट्रॅकवरून दिशा घ्यायची. वाट पायाखाली बघायची.

आणि म्हणूनच नवे ट्रॅक टाकले पाहिजेत. लोकांनी टाकले, लोक चालले, तरच वाट टिकेल. तुमच्याच लेखाचा अर्थ तो आहे. आणि तुम्हीच म्हणता मागू नका?

---

रानजाई | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

लेख आवडला. नकाशेवाले, ट्रॅक टाकून लोक चालतील हे खरं. पण कोणते लोक? संधण दरीशेजारचं साम्रद गाव बघा. मी २००९ला गेले तेव्हा दरीत आम्ही चौघंच होतो, आता शनिवारी रांग असते. गावाला पैसा मिळाला हे चांगलंच झालं, मी नाकं मुरडणार नाही. पण दरीतला कचराही मीच पाहिलाय.

मला दुसरंच बोलायचंय, जे या धाग्यांवर कुणी बोलत नाही. बायकांनी अशा मुक्कामाला जाताना काय? पाच-सहा गावांत राहिलेय, त्यावरून सांगते. घरातल्या बाईशी पहिल्या पाच मिनिटांत बोलायचं. पुरुष ओट्यावर बसून गप्पा मारत असतात, आपण सरळ चुलीपाशी जाऊन बसायचं. परसाकडे कुठे, किती वाजता, बरोबर कोण, झोपायचं कुठे, सगळं तिथे आपोआप ठरतं. मला एकदा घरातल्या सुनेने पहाटे उठवून स्वतःबरोबर नेलं होतं, कंदील घेऊन. पाळी आली असेल तर आधीच सांगून टाका. काही घरांत चुलीजवळ येऊ देत नाहीत, रागवायचं कारण नाही, पण न सांगता बसलात आणि मागून कळलं तर त्या बाईला घरात बोलणी बसतात.

आणि कृपा करून पोरांना चॉकलेटं वाटू नका. एका गावात आमची गाडी थांबली तर वीस पोरं हात पुढे करून धावत आली. त्यांना ती सवय आपणच लावलीय. त्या बाबांनी पाचशेची नोट परत केली ते वाचून बरं वाटलं.

---

मुठेकाठ | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

चॉकलेटं नको, मग जुने कपडे? आमचा ग्रुप दर दिवाळीला दोन पोती नेतो.

---

रानजाई | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

@मुठेकाठ, आधी विचारता का, काय हवंय ते? एका ओढ्याच्या काठी मी जीन्स, नाइट-ड्रेस आणि एक कोटसुद्धा पडलेला पाहिलाय. कोट. भातलावणीला.

---

अर्धशिशी | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

(व्यवसायाने डॉक्टर. फुकट सल्ला.)

गरम मिठाने शेकणं आपुलकीचं होतं, पण ताज्या मुक्या माराला पहिले दोन दिवस शेक नको, गारवा हवा. त्या झिऱ्याच्या पाण्यात भिजवलेलं फडकं सुजेवर ठेवलं असतं तर सकाळी भोपळा थोडा लहान निघाला असता. गुडघा घट्ट बांधा, पाय उंचावर ठेवा.

पाणी : पाच माणसं, दोन लिटर माणशी, उन्हातली चढण, उशिरा सुरुवात. हे कमीच होतं, किमान तीन लागतात. मीठ-साखरेच्या पुड्या सॅकमध्ये असू द्यात. उतारावर पायात गोळे येणं, चिडचिड आणि विनाकारण भांडणं, ही पाणी कमी पडल्याची लक्षणं असतात. तुमच्या भांडणाचं श्रेय मी त्यालाच देतो.

---

डांगाणी | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५५

मी मूळचा त्याच मुलखातला. अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग, आम्ही त्याला डांगाण म्हणतो. गेली चौदा वर्षं चाकणला नोकरीला. लेख वाचून आधी हसलो, मग घरी फोन लावला. ते बाबा कोण ते मला कळलं, पण नाव इथे लिहिणार नाही, कुणी विचारूही नका. मागे एका घराचा नंबर असाच कुठेतरी छापला गेला होता. रात्री दीडला फोन, "काका, टेंट मिळेल का?"

काही गोष्टी सांगतो.

धरणाचं पाणी म्हणालात ते भंडारदऱ्याचं विल्सन धरण, १९२६चं. जलाशयाला 'आर्थर लेक' म्हणायची पद्धत होती. आता त्याचं नाव आद्य क्रांतिवीर राघोजी भांगरे जलाशय आहे. राघोजी देवगावचे, महादेव कोळी. २ मे १८४८ला इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. तुम्ही ज्या खिंडीत फोटो काढले तसल्याच खिंडींच्या जिवावर त्यांचं बंड चाललं होतं.

वाटेचं सांगतो. माझी आई लग्न होऊन याच वाटेने आली. सासर-माहेर खिंडीच्या दोन बाजूंना. माझी आजी हिरड्याची गोणी डोक्यावर घेऊन खिंड उतरलेली मी पाहिलीय. बाळहिरडा एप्रिल-मेत काढतात, हिरवा असताना. झाडावर चढून, झोडपून. मग कातळावर वाळत घालायचा, काळा पडेपर्यंत. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला मिठामिरचीचे पैसे यातूनच येतात. दर कधी बरा, कधी पडलेला. जुन्नर-आंबेगावकडे ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडंच्या झाडं आडवी झाली. फळाचं नुकसान एका वर्षाचं असतं, झाडाचं दोन पिढ्यांचं.

तर, वाट सोयरिकीची होती. सोयरिक अजून आहे, पण लेकीला माहेरी न्यायला येणारा मुराळी गाडीने येतो. यात वाईट काही नाही, माझी आई आता गुडघ्यांनी ती खिंड चढू शकत नाही आणि बाळंतीण डोलीत घालून न्यायचे दिवस परत यावेत असं कुणालाच वाटत नाही. शहरातली माणसं "रस्ता आला आणि सगळं संपलं" म्हणतात ना, त्यांना एकदा त्या डोलीच्या पुढच्या दांडीला खांदा द्यायला लावला पाहिजे.

पैशांचं. १५०० ठीक. जेवणाचे माणशी दीडशे-दोनशे धरा, राहण्याचे वेगळे द्या, वाट दाखवली तर त्या दिवसाची मजुरी निराळी. "द्या काय द्यायचं ते" म्हणजे फुकट नव्हे. म्हणजे, आम्हाला मागायला लाज वाटते, तुम्ही द्यायला लाजू नका.

---

खिंडकर | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३०

@डांगाणी, धन्यवाद. मजुरी निराळी हे डोक्यातच आलं नाही. ती चूक. तुमच्यामार्फत पाठवता येईल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

@अर्धशिशी, भांडणाचं निदान मान्य.

---

बापू नातूबाग | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

बिबट्या दिसला का? आजोबा नावाचा बिबट्या याच डोंगरातला ना?

---

रानजाई | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

@बापू, नाही हो. त्याला आजोबा नाव दिलं ते त्याचं वय पाहून. २००९मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. विद्या अत्रेय यांच्या चमूने गळ्यात कॉलर बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून तो महामार्ग, रेल्वे ओलांडत मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत गेला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, महिन्याच्या आत. डोंगर आजोबा वेगळा, वाल्मीकी ऋषींना लव-कुश आजोबा म्हणायचे म्हणून ते नाव, असं पायथ्याच्या डेहणे गावाकडून चढताना गाववाले सांगतात.

---

नकाशेवाला | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:२२

डांगाणी यांनी माझाच मुद्दा सांगितला. गावकरी चालत नाहीत, मग चालणार कोण? ट्रेकर्स. वर्षाला तीनशे माणसं या वाटेने गेली तर कारवीची काय टाप आहे? मी म्हणतो एक रविवार ठरवू. वीस जण, वीस कोयते. रतनवाडी ते खिंड एका दिवसात मोकळी. मी नवा ट्रॅक करून देतो.

---

आळशी भटक्या | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

मी जेवण सांभाळतो. +१

---

लाल फीत | १२ फेब्रुवारी, दुपारी १:१५

जरा थांबा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. अभयारण्यात परवानगीशिवाय झाडोरा तोडणं गुन्हा आहे, आणि वीस कोयते घेऊन निघालात तर नाक्यावरच गाडीत बसवतील. मी वन खात्यातच आयुष्य काढलंय, तुमचा हेतू पंचनाम्यात लिहीत नाहीत.

आणि नुसत्या कायद्याचं नाही. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, बी पडतं आणि ती वाळून जाते. फुलण्याच्या आधीच्या साली दहा फूट रुंद पट्टा मोकळा केलात तर तिथे बी पडत नाही. पहिल्या पावसात माती वाहते आणि तुमच्या वाटेचा ओढा होतो. लोहगडाला काय झालंय बघून या.

---

नकाशेवाला | १२ फेब्रुवारी, दुपारी १:४०

मग ते बाबा रोज गुन्हा करतात का?

---

लाल फीत | १२ फेब्रुवारी, दुपारी २:३०

@नकाशेवाला, त्यांच्या वहिवाटीची वाट आहे, तिथे ते पिढ्यान्पिढ्या चालतात, आणि २००६च्या वनहक्क कायद्यानंतर हा विषय एका ओळीत मिटणारा राहिलेला नाही. शिवाय ते अंगावर येणारी एक काठी छाटतात. तुम्ही रविवार ठरवताय.

---

डांगाणी | १२ फेब्रुवारी, रात्री ९:२०

लाल फीत साहेब बरोबर बोलले, जरी आमच्याकडे खात्याच्या माणसाला बरोबर म्हणायची पद्धत नाही. :)

बाबा रुंद वाट करतच नाहीत. एक माणूस, डोक्यावर ओझं, तिरका होऊन निघेल एवढीच. त्याहून मोकळी केली तर गुरं कुठेही शिरतात आणि मग शोधत बसायचं. राहिलं वाट टिकण्याचं, तर ती कोयत्याने कमी आणि पायाने जास्त टिकते. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवी कारवी कोवळी असते. तेव्हा दर आठवड्याला चार माणसं गेली तरी पायाखाली दबते, छाटायला लागतच नाही. पूर्वी तेच व्हायचं, दसरा-दिवाळीला लेकी माहेरी यायच्या. फेब्रुवारीत तुम्ही गेलात तोवर ती लाकूड झालेली असते.

तेव्हा करायचंच असेल तर असं करा. तीनशे नको. चार-पाच जणांनी, दिवाळीच्या मागेपुढे, गावातला माणूस बरोबर घेऊन, त्याची मजुरी देऊन जायचं. ट्रॅक टाकायचा असेल तर त्याखाली लिहा, 'गावातला माणूस घेतल्याशिवाय जाऊ नये'.

---

नकाशेवाला | १२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

मान्य. रविवार मागे घेतो. कोयतेही.

---

मुठेकाठ | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

कपड्यांचं मनाला लागलं. विचारून नेऊ आता. शाळेला काय लागतं ते कुणाला विचारायचं, डांगाणी?

---

डांगाणी | १३ फेब्रुवारी, दुपारी १:१०

@मुठेकाठ, शाळेतल्या गुरुजींनाच. व्यनि करतो. गेल्या वर्षी त्यांना पाण्याची टाकी हवी होती, आणि आले होते ऐंशी कंपासपेट्या. पट ऐंशीचा नाही.

---

खिंडकर | २ मार्च, रात्री ८:४५

थोडं पुढचं. डांगाणींमार्फत मजुरीचे पैसे पोचले. गुडघा आता बरा आहे, जिने चढतोय. आम्ही पाचही जण दिवाळीनंतर परत जायचं म्हणतोय, या वेळी पाचनईपर्यंत. पण मला त्याआधी एकदा, मार्चमध्येच, एकट्याने बाबांबरोबर ती वाट नीट चालायची आहे. तो झिरा परत सापडतो का बघायचंय. डांगाणी, विचाराल का त्यांना?

---

डांगाणी | ४ मार्च, रात्री ९:३०

विचारलं. आधी म्हणाले, "तो पावसाचा का?" मी म्हटलं नाही, त्याचा दोस्त.

पुढच्या बुधवारी लेकीकडे जाणार आहेत, गुरुवारी परत निघतील. तुम्ही गुरुवारी सकाळी सातला अमृतेश्वराच्या देवळापाशी यायचं. पावणेदहाला आलात तर थांबणार नाहीत, तेवढं सांगून ठेव म्हणाले.